खुडूक कोंबडी आणि चढणीचा मासा



परसातली कोंबडी आणि ओढ्यातला मासा यांची गाठ आपल्याकडे पडली तर ताटातच पडते, आणि तीही घरी पाहुणा आला तर. पण या दोघांचं आणखी एक नातं आहे. दोघंही अंडी घालतात, आणि दोघांच्याही बाबतीत घरातल्या माणसाला एकच हिशेब करावा लागतो : खायचं किती आणि राखायचं किती. कोंबडीच्या बाबतीत हा हिशेब आपल्या आयाबायांना तोंडपाठ असतो. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या आणि ओढ्याला पाणी आलं, की तीच माणसं हिशेब उंबऱ्याच्या आत ठेवून टोपली घेऊन पळतात. तेव्हा आज कोंबडीपासून सुरुवात करून ओढ्यापर्यंत जावं, असं मनात आहे.

माझी सारी नोकरी मावळातल्या शाळांत गेली. पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातला हा भातखाचरांचा मुलूख. शाळा सुटली की मुलं एक तर ओढ्यावर सापडायची, नाही तर उकिरड्यावर कोंबड्यांबरोबर. मास्तरांनाही मग त्यांच्या मागोमाग जावं लागतं आणि गेलं की शिकायला मिळतं.

ज्या घरी पाचसहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, त्या घरच्या बाईला मीठमिरचीसाठी, मुलाच्या वहीसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. भाताचा पैसा घरधन्याचा, दुधाचा पैसा डेअरीच्या पुस्तकात, पण अंड्यांचा पैसा तिच्या कनवटीला. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. मग शहाण्या माणसाने गावठी का पाळावी? कारण लेगहॉर्नला बसायचं कसं ते ठाऊक नाही. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्या रक्तातून खुडूकपणाच काढून टाकला. तिच्या अंड्यांना यंत्र लागतं, यंत्राला वीज लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात विजेची काय कथा असते ते मी सांगायला नको. गावठी कोंबडी स्वतःच यंत्र आहे. तेलपाणी लागत नाही, मूठभर दाणे आणि वाटीभर पाणी पुरतं.

कुणी काही न करता घरी बसून राहिला की आपण म्हणतो, ‘काय खुडूक होऊन बसलाय!’ ज्याने ही म्हण काढली त्याने खुडूक कोंबडी नीट पाहिलेली नसावी. एकवीस दिवस ती बसते. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, शिटते आणि पुन्हा घाईने परत. अंडी चोचीने फिरवत राहते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. एवढं काम बसल्या जागी करणारा माणूस मला तरी दाखवा.

आता बसवायची कशी? पहिली गोष्ट अंड्यांची. आठवड्याच्या आतली अंडी घ्यावीत. कोंबडा कळपात असला पाहिजे, हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण दुकानातून आणलेली अंडी बसवून एकवीस दिवस वाट पाहणारी घरं मी पाहिली आहेत. ती अंडी खायला उत्तम, पण त्यांत जीव धरलेलाच नसतो. फार लहान, वाकडंतिकडं किंवा चीर गेलेलं अंडं बाजूला काढावं. अंडं धुऊ नये. वरचं बारीक कवच धुऊन गेलं की आत घाण शिरायला वाट मिळते. साठवताना धान्याच्या पाटीत, निमुळतं टोक खाली करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावीत. ज्या जागी कोंबडी अंडी घालते तिथे एक अंडं राहू द्यावं, म्हणजे ती जागा बदलत नाही.

कोंबडी खुडूक झाली की जागेवरून हलत नाही, पिसं फुलवते, हात नेला तर खुर्र करते आणि पोटाखाली हात घातला तर चांगलं ऊन लागतं. तिला दिवसाउजेडी नव्या जागी बसवू नये. अंधार पडला की हळूच उचलून बसवावी, म्हणजे सकाळी ती जागा तिला आपलीच वाटते. पाटीच्या तळाशी चुलीतली गार राख, वर भाताचा पेंढा, त्यात थोडा कडुलिंबाचा पाला. राख आणि कडुलिंब उवांसाठी. बसलेल्या कोंबडीला उवांनी छळलं, तर ती अठराव्या दिवशीही उठून जाते आणि सगळं मुसळ केरात. एका कोंबडीच्या पोटाखाली दहाबारा अंडी पुरेत. हाव धरून अठरा ठेवली तर कडेची गार पडतात.

सातव्या रात्री एक गंमत करावी. शिक्षक मंडळींनी ही मुद्दाम ऐकावी. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी उजेड धरायचा. पूर्वी यासाठी कंदिलाला पुठ्ठा लावत, आता मोबाइलचा दिवा पुरतो. ज्या अंड्यात जीव धरला असेल त्यात लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसतं, मध्ये एक ठिपका, आणि नीट पाहिलं तर तो हलताना दिसतो. स्वच्छ दिसणारं अंडं काढून टाकायचं. चौथीच्या मुलाला हृदय म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवायला मला एक तास लागायचा आणि तरी त्याला कळायचं नाही. हे त्याला एका क्षणात कळतं.

गिरीराजा, वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती आपल्याकडे आल्या आहेत. पहिली बंगळूरची, पुढच्या दोन हैदराबादच्या. अंगाने भरतात, अंडीही गावठीपेक्षा बरीच जास्त देतात. त्या पाळायला माझा विरोध नाही. पण त्या सहसा बसत नाहीत. म्हणून सगळ्या गावठी विकून टाकून घर सुधारित कोंबड्यांनी भरण्यात शहाणपण नाही. दोनतीन गावठी हाताशी असल्या, तर हवी त्या जातीची जीव धरलेली अंडी आणून त्यांच्या पोटाखाली ठेवता येतात. कोंबडीला तुमची जात ती कोणती, असं विचारायची सवय नसते.

पिल्लं निघाली की खरा तोटा सुरू होतो. बारा पिल्लांतली चार जगली तर बायका म्हणतात, बरी जगली! घार, कावळा, मुंगूस, रानमांजर, पावसाचा सडाका, यांतून वाचतील ती आपली. यावर उपाय साधा आहे आणि तो आपल्या घरातच आहे. पहिले तीनचार आठवडे आईसकट पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवावीत, बाहेर सोडली तरी कुणीतरी जवळ असताना. पाण्याच्या बशीत चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडून मरत नाही. खायला तांदळाची कणी, आणि जमलं तर वाळवी. एका फुटक्या मडक्यात ओला पालापाचोळा आणि शेण भरून वाळवी असेल तिथे पालथं ठेवलं, तर दोनतीन दिवसांत त्यात वाळवी भरते. पिल्लांपुढे झटकलं की बघत राहावं. महिन्याभराची पिल्लं आईपासून वेगळी केली, तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते, हाही एक फायदा.

पण घार नेते ते एकेक पिल्लू. सगळं खुराडं एका आठवड्यात रिकामं करते ती मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात; हिमालयाच्या पायऱ्यांवर कुमाऊँत राणीखेत नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. कोंबडी पेंगते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पांढरं हगते, मान वाकडी होते, आणि मग बघता बघता सगळ्या जातात. झालेल्या रोगावर औषध नाही, हे अगदी स्वच्छ सांगतो. मेडिकलच्या दुकानातून माणसाच्या गोळ्या आणून कोंबडीच्या घशात कोंबण्यात पैसा फुकट जातो. रोग होऊ नये म्हणून मात्र लस आहे. पिल्लू पाचसात दिवसांचं झालं की लासोटा नावाच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा तसाच एक थेंब. आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचायची दुसरी लस. देवीची लसही साधारण त्याच सुमारास. नेमकं वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं.

मग ही लस घरोघर का पोचत नाही? अडचण किमतीची नाही. एका कुपीत शंभर कोंबड्यांची लस असते आणि आपल्या घरी असतात सात. कुपी एकदा फोडून पाण्यात कालवली की ती दोन तासांत वापरावी लागते, आणि तोपर्यंतही बर्फावर ठेवावी लागते. सात कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी कोण फोडणार? त्यामुळे दवाखाना म्हणतो कुणी मागत नाही, आणि गाव म्हणतं कुणी देत नाही. यावर तोड एकच. वाडीतल्या पंधरावीस घरांनी एक दिवस ठरवावा. आदल्या रात्री कोंबड्या डालून ठेवाव्यात, पहाटे सोडायच्या आत एकीने थर्मासमधून लस घेऊन घरोघर फिरावं. एक थेंब टाकायला डॉक्टरच हवा असं नाही. दवाखान्यात एकदा बघितलं की बचतगटातली कुठलीही बाई ते करते. आजारी कोंबडीला मात्र लस देऊ नये.

आणि एक गोष्ट. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची नाही. चुना टाकून खोल पुरायची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला. देशातली ती पहिलीच साथ होती. तेव्हापासून तरी हे आपण लक्षात ठेवायला हवं होतं. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, विकू नयेत, दवाखान्यात कळवावं.

चाऱ्याचं फार सांगत नाही. कोंबडी तिचं तिचं शोधते. अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं तर नदीकाठचे शिंपले भाजून कुटून घालावेत. मासे साफ केल्यावर उरलेली डोकी, आतडी उकळून द्यावीत. फार दिली तर अंड्याला वास मारतो, एवढंच. उलट दिशेनेही देवाणघेवाण आहे. कोंबड्यांनी उकरलेल्या उकिरड्याच्या कडेला जी गांडुळं निघतात त्यांच्यासारखं गळाला आमिष नाही. मुलं आणि कोंबड्या तिथे एकाच गांडुळावर झडप घालतात आणि बहुतेक वेळा कोंबडी जिंकते.

चला, गांडूळ मिळालं, आता ओढ्यावर जाऊ.

गळाने मासे धरण्यात जो आनंद आहे तो जाळ्यात नाही. जाळं टाकणारा पोटासाठी टाकतो आणि त्याला घाई असते. गळवाल्याला घाई करून चालतच नाही. साहित्य तरी किती? चिवारीची बारीक काठी, दोरा, एक गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक तुकडा आणि त्याच्या वर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा. पाऊस सरला, पाणी निवळलं, की आश्विनापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. सकाळी किंवा ऊन कलल्यावर जावं. सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा धरावी. काठावर धपधप पावलं टाकू नयेत. मासा कानाने नाही तरी अंगाने ऐकतो. पाण्यावर वाकलेलं उंबराचं झाड असेल, तर त्याच्याखालची जागा सोडू नये. पिकलेलं उंबर पाण्यात टपकलं की खालून मासे धावतात, आणि गळाला उंबरच लावलं तर तेही घेतात. मग ते पीस एकदा थरथरतं, पुन्हा स्थिर होतं, जरा आडवं होतं आणि एकदम बुडतं. त्या क्षणाला छातीत काय होतं ते ज्याने अनुभवलं त्याला सांगायला नको, आणि ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. बोटभर मासा लागला तर हात ओला करून हळूच सोडवावा आणि परत पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे दगावतो. गावतळं किंवा धरणाचा जलाशय असेल, तर तिथले हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. गळ टाकण्यापूर्वी त्यांना विचारावं. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं.

गळाला काय काय लागतं, त्यांची नावं ऐका. दगडाला चिकटून राहणारा मळ्या, वाळूत लपणारी मुरी, काटा मारणारी शिंगटी, सापासारखी वाम, डोहातला कोळस आणि मरळ. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, विल्यम हेन्री साइक्स त्याचं नाव, १८३९ साली दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. नावं देताना त्याने इथल्याच बोलीतले शब्द उचलले. त्यामुळे मळ्या शास्त्राच्या पुस्तकात ‘गारा मुल्या’ झाला, शिंगटी ‘मिस्टस सींगटी’ झाली, आणि कोळसाच्या नावात ‘कोलस’ राहिला. म्हणजे तुमच्या शाळेतल्या ज्या पोराला इंग्रजीचा धडा वाचता येत नाही, त्याच्या तोंडचा शब्द आज जगभरचे शास्त्रज्ञ लिहितात. हे त्या पोराला सांगायला हवं, नाही का?

मरळीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या कोंबडीची पाण्यातली बहीण आहे. मरळ श्वासासाठी अधूनमधून पाण्यावर येते, त्यामुळे उथळ, गढूळ पाण्यातही जगते. पावसाळ्यात नर आणि मादी गवताच्या आडोशाला जागा साफ करतात, अंडी तिथे तरंगतात आणि दोघं त्यांची राखण करतात. पिल्लं निघाली की लालसर रंगाचा एक पुंजका पाण्यावर हिंडताना दिसतो. शेकडो पिल्लं एकमेकांना धरून चाललेली, आणि त्यांच्या खाली आईबाप. घार दिसली की कोंबडी जशी पंख पसरते, तशी मरळ पिल्लांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. गळ टाकणाऱ्या चतुर लोकांना हे माहीत असतं. ते नेमका त्या लाल पुंजक्यातच गळ टाकतात. मरळ भूक म्हणून तो तोंडात धरत नाही, पिल्लं वाचवायला धरते. मासा मोठा असतो, पकडणाऱ्याची वाहवा होते. तासाभरात त्या पुंजक्याचा फन्ना उडतो, कारण राखणारं कुणी उरलेलं नसतं.

आता मला सांगा, पिल्लांवरची कोंबडी आपल्या गावात कुणी कापतं का? कितीही मोठा पाहुणा येवो, घरची म्हातारी म्हणते, ‘अरे, ती पिल्लांवर हाय, दुसरी धर.’ हा नियम कुणी कायद्यात लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला गाव नावं ठेवतं. पाण्यातल्या आईला मात्र ही म्हातारी भेटत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट चढणीच्या माशांची. मृगाचा जोरदार पाऊस झाला, ओढे नदीला मिळाले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. कुठे यांना चढणीचे म्हणतात, कुठे वलगणीचे. ओढ्यातून पाटात, पाटातून भातखाचरात. तिथल्या उथळ, गवताळ पाण्यात त्यांना अंडी घालायची असतात. रात्री बत्त्या घेऊन सारा गाव बाहेर पडतो, बांबूच्या कामट्यांचे सापळे ओढ्याच्या तोंडाशी लागतात, कोणी फेकजाळं टाकतं, कोणी नुसत्या टोपलीने उपसतं. उत्सवच असतो तो. मलाही त्या रात्री आवडतात. पोट गाभोळीने टचटचलेले मासे, आणि त्या गाभोळीची चव काय वर्णावी!

पण तीच तर पुढच्या वर्षाची पाटी. किलोभराच्या रोहूच्या पोटात लाखाहून अधिक अंडी असतात. आपले ओढ्यातले मासे लहान, त्यांची अंडी थोडी, पण तीही हजारांनी मोजावीत अशी. ओढ्याचं तोंड काठापासून काठापर्यंत सापळ्यांनी बंद केलं, तर वर एकही मासा पोचत नाही. म्हणजे सगळी अंडी तव्यावर, बसवायला एकही नाही. हे कोंबडीच्या बाबतीत करणाऱ्या बाईला तिची सासू घरात राहू देणार नाही.

‘मग खाऊच नये का?’ असं कुणी विचारील. तसं मी म्हणत नाही. आमच्या मावळातल्या कातकरी घरांना आषाढात हाताला काम नसतं. त्यांच्या पोराबाळांच्या तोंडात तेव्हा जो ताजा घास पडतो तो ओढ्यातलाच. त्यांना उपदेश करायची माझी हिंमत नाही, आणि गरजही नाही, कारण त्यांचं धरणं हाताचं आणि टोपलीचं असतं. माझं म्हणणं एवढंच, की सापळा लावताना निम्मा ओढा मोकळा सोडावा. पहिले चार दिवस चढू द्यावं. आणि भाद्रपद-आश्विनात पाणी उतरू लागलं, अंडी घालून झालेले मासे परत नदीकडे निघाले, की मोठ्या आसाच्या जाळ्याने खुशाल धरावेत. उतरणीच्या माशाला गाभोळी नसते हे खरं, पण मासा तोच.

राग धरायचा तर तो डोहात ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांवर आणि तारेने वीज सोडणाऱ्यांवर धरावा. ते मोठ्याबरोबर बोटभर पिल्लूही मारतात, आणि उरलेलं पाणी गुरांनाही प्यायच्या लायकीचं राहत नाही. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं हा १८९७ सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरवला आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी रविवारी गाडी घेऊन येणारी मंडळी तो ऐकल्यासारखी वागत नाहीत.

राखायचं कसं, हे आपल्याला शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. महाडजवळ वाळणकोंडीला डोहातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे गावी वैतरणेच्या पात्रात महादेवाचे मासे आहेत. तीच माणसं चार मैलांवर जाऊन मासे खातात, पण त्या डोहात हात घालत नाहीत. एका गावाला एक डोह असा सोडता आला, मग तो देवाच्या नावाने सोडा नाही तर शाळेच्या नावाने, तर त्यातून खालीवर दोन्हीकडे मासा पसरतो.

कुणी म्हणेल, आता सरकारी केंद्रांत बीज मिळतं, मग ओढा राखायचा कशाला? प्रश्न बरोबर आहे. पूर्वी रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं पुरात नदीतून गाळून आणावी लागत, कारण हे मासे तळ्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्पजातीच्या माशांना अंडी घालायला लावलं. तेव्हापासून देशभर मत्स्यबीज हवं तेव्हा मिळू लागलं. फार मोठं काम झालं ते. १० जुलै हा दिवस त्यामुळेच मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. पण बीज निघतं ते बाजारात खपणाऱ्या माशांचं. मळ्याचं आणि मुरीचं बीज बाजारासाठी कोण काढणार? यंत्र लेगहॉर्नची पिल्लं काढतं, खुडूक कोंबडी काढत नाही, तसंच हे आहे.

आणि बाहेरून आणलेलं सगळंच सोसतं असंही नाही. चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती कुठेही वाढते. आज कित्येक धरणांत जाळं उचललं की तीच. आफ्रिकी मांगूर पाळायला तर २००० सालापासून बंदीच आहे, कारण तो सोबतचे मासे खाऊन टाकतो. उलट लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून आपल्याच नद्यांतल्या महाशीरची पैदास करतात. हा मासा धोक्यातल्या यादीत होता, २०१८ साली तो त्या यादीतून बाहेर आला. पण तोच मासा दक्षिणेत कावेरीत नेऊन सोडला, तेव्हा तिथल्या कुबड्या महाशीरला तो भारी पडला. ज्याचा ओढा त्याचाच मासा बरा.

शिक्षकांना एक सुचवतो. पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्या ओढ्यातल्या माशांची नावं घरी विचारून लिहून आणायला सांगा. पुढे दोन रकाने करा : आजोबांनी पाहिलेला, मी पाहिलेला. मी हे एका शाळेत केलं तेव्हा काही नावं अशी निघाली, की आजोबांच्या रकान्यात खूण आणि मुलाचा रकाना कोरा. ती वही शाळेत जपून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर नव्या मुलांकडून भरून घ्या. पावसाळ्यात पाण्यावर लाल पुंजका दिसला की त्या जागेवर काठी रोवून लाल चिंधी बांधायचं कामही मुलांना द्या. चिंधी दिसेल तिथे महिनाभर गळ नाही. पोरं स्वतः बांधलेली चिंधी मोडू देत नाहीत, मोठ्यांनाही नाही.

आणि बायांनो, रोहिणी नक्षत्र चाललं आहे तोवरच लशीचा दिवस ठरवून घ्या. एकदा मृग लागला की लावणीच्या घाईत कुणाला सवड नसते. दवाखान्यात जाताना बर्फाचा थर्मास बरोबर न्या, कुपी उन्हात आणू नका, आणि सकाळी कोंबड्या सोडायच्या आत हे काम उरका. एकदा त्या उकिरड्यावर गेल्या, की धरायला सगळी वाडी पळवतील.